तेरा तारखेनंतर सगळं बरोबर

आमच्या धंद्यात तीन उत्तरं कायम खिशात तयार असतात. पहिलं, "बंद करून परत चालू करा." दुसरं, "माझ्या मशीनवर तर व्यवस्थित चालतंय." आणि ही दोन्ही संपली की तिसरं, "ऑपरेटरने काहीतरी केलं असणार."

पहिल्या उत्तराने बऱ्याचदा काम भागतं, त्यामुळे त्याला नावं ठेवत नाही. दुसरं खरं असतं, पण त्याचा समोरच्याला काडीचा उपयोग नसतो. आज बोलायचंय ते तिसऱ्याबद्दल. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. डेस्कटॉप सॉफ्टवेअर बिघडलं तर 'ऑपरेटरची चूक' हे निदान सगळ्यात शेवटी करावं, आणि तेसुद्धा पुरावा हातात असेल तरच. कारण मोठ्या शहरातल्या हापिसात ऑपरेटरची चूक म्हणजे फार तर साहेबाची बोलणी. गावातल्या सहकारी संस्थेत तिला दुसरं नाव आहे. तिथे तिला अफरातफर म्हणतात.

कडेगाव तालुक्याचं उदाहरण घेतो, कारण तिथली कामं मी जवळून पाहिली आहेत. सांगली जिल्ह्यातला हा तालुका, पण अनेक गावांची रोजची ये-जा कऱ्हाडला, म्हणजे साताऱ्यात. ऊस, दूध आणि सहकार यांचा मुलूख. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात आला त्या यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे याच तालुक्यात. गावागावात विकास सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था. आणि त्या प्रत्येकीत टेबलावर एक कॉम्प्युटर, शेजारी कर्रकर्र करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, आणि कॉम्प्युटरमधे कोणीतरी कधीतरी लिहून दिलेलं एक सॉफ्टवेअर. बहुतेक व्हिज्युअल बेसिक ६ आणि अ‍ॅक्सेस, त्याआधीचं असेल तर फॉक्सप्रो. व्हीबी ६ हे १९९८ चं. ज्या साधनात ते प्रोग्रॅम लिहायचे त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मधे थांबवला. पण त्यात बनवलेले प्रोग्रॅम विंडोज ११ वर आजही चालतात. म्हणजे ही इतिहासाची गोष्ट नाही.

तर अशाच एका सोसायटीत (नाव नको) एक भानगड झाली होती. एका शेतकऱ्याने पीक कर्ज ७ मार्चला फेडलं. मुदत ३१ मार्च. मुदतीत फेडणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून व्याजात सवलत मिळते, म्हणून लोक मार्च महिन्यात धावपळ करून, हातउसने घेऊन भरणा करतात. याची पावती ७ मार्चची. हाताने लिहिलेल्या रोजकीर्दीत ७ मार्च. आणि कॉम्प्युटरच्या खतावणीत ३ जुलै! म्हणजे थकबाकीदार, सवलत गेली, वर जादा व्याज. आणि असा तो एकटा नव्हता, आणखी बरेच निघाले.

आता हिशोब तपासणाऱ्याच्या डोक्यात काय येणार? पैसे मार्चमधे घेतले, जमा जुलैमधे दाखवले. "मधले चार महिने पैसे कुठे होते?" सहकारात याला तात्पुरती अफरातफर म्हणतात, आणि हे पाप करणारे खरोखर असतात, त्यामुळे शंका घेणाऱ्याला दोष देता येत नाही. पुढचा रस्ता सगळ्यांना पाठ असतो: कलम ८३ ची चौकशी, कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित करणं. गटसचिव आणि नोंदी करणारी मुलगी, दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. सॉफ्टवेअरवाल्याला फोन झाला होता. त्याचं उत्तर काय असेल ते ओळखा. "तारीख नीट टाकायला सांगा त्यांना."

मला बघायला बोलावलं तेव्हा मी त्या मुलीला एवढंच विचारलं, की तुला यात काही विशेष वाटलं का? ती म्हणाली, "सर, तेरा तारखेच्या पुढं कधीच चुकत नाही. मी सहा महिने झालं सांगतेय."

मंडळी, या एका वाक्यात अख्खं निदान होतं! सहा महिने ते त्या टेबलावर पडून होतं आणि कोणी उचललं नव्हतं.

झालं होतं ते असं. अ‍ॅक्सेसच्या एसक्यूएलमधे तारीख दोन # चिन्हांच्या मधे लिहितात. ती नेहमी अमेरिकन क्रमाने वाचली जाते, आधी महिना आणि मग दिवस. कंट्रोल पॅनलमधे जाऊन देश भारत करा, तारखेचा नमुना बदला, काही फरक पडत नाही. आपला माणूस ०७/०३ टाकतो, म्हणजे सात मार्च. प्रोग्रॅम लिहिणारा ते अक्षरशः तसंच उचलून # मधे बसवतो. अ‍ॅक्सेस वाचतं सातव्या महिन्याची तीन तारीख.

मग तेरा तारखेनंतर बरोबर कसं? कारण तेरावा महिना नसतो. अ‍ॅक्सेसला १३/०३ दिलं की ते म्हणतं, तेरावा महिना तर नाही, म्हणजे याला १३ मार्च म्हणायचं असेल, आणि न बोलता उलटं करून घेतं. इथेच घात आहे. त्याने तिथे सरळ अडवलं असतं तर पहिल्याच आठवड्यात हा दोष पकडला असता. त्याने समजूतदारपणा दाखवला म्हणून तो अनेक वर्षं लपला. प्रोग्रॅम विकणाऱ्याने महिन्याच्या शेवटी शेवटी येऊन डेमो दिला असेल तर सगळं चोख दिसलं असणार.

गंमत पुढे आहे. मार्चमधला भरणा उलटा झाला की काय होतं ते कागदावर मांडून बघा. १ मार्च होतो ३ जानेवारी, २ मार्च होतो ३ फेब्रुवारी, ३ मार्च जिथल्या तिथे, ४ मार्च होतो ३ एप्रिल, आणि असं करत १२ मार्च होतो ३ डिसेंबर. म्हणजे खतावणी बघितली तर दर महिन्याच्या बरोबर ३ तारखेला गावात कर्ज फेडायची झुंबड! एरवी शुकशुकाट. असा कुठला गाव असतो? आम्ही तारखेवार नोंदी मोजल्या, तो तक्ता कागदावर छापला, शेजारी हाताची रोजकीर्द ठेवली. तपासणाऱ्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळायची गरजच राहिली नाही. अफरातफर करणारा माणूस बारा महिने फक्त तीन तारखेलाच पैसे जमा करत नाही, हे कुणालाही पटतं.

आणखी एक बारीक गोष्ट. तक्रार आली ती फक्त ४ ते १२ मार्चवाल्यांची. एक आणि दोन मार्चवाल्यांची नोंदही चुकलीच होती, पण ती आधीच्या तारखेला गेल्यामुळे त्यांचं नुकसान झालं नव्हतं, म्हणून ते गप्प. थोडक्यात, तक्रारी जितक्या येतात तितकाच दोष असतो असं नाही. तक्रार ज्याला झळ पोचते तो करतो. दोष शोधताना ज्यांनी तक्रार केली नाही त्यांच्या नोंदीसुद्धा बघाव्या लागतात.

असो. ही एकच गोष्ट सांगून मी एवढा मोठा निष्कर्ष काढत नाहीये. डेस्कटॉप सॉफ्टवेअरचे नेहमीचे आजार घेतले, तर त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेच दिसतं. लिहिणाऱ्याने काहीतरी गृहीत धरलेलं असतं, ते गृहीतक त्याच्या टेबलावर खरं असतं आणि दुसऱ्याच्या टेबलावर खोटं.

दुसरा आजार बघा, 'डेटा गायब'. सकाळी सचिवांनी नोंदी केल्या, दुपारी क्लार्कने बघितलं तर एकही नोंद नाही. लगेच संशय, की कोणीतरी खोडलं. कारण काय, तर विंडोज व्हिस्टापासून (२००७) 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डरमधे साध्या प्रोग्रॅमला लिहायची परवानगी नाही. पण जुने प्रोग्रॅम एकदम बंद पडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एक पळवाट ठेवली. जुना प्रोग्रॅम तिथे लिहायला गेला की ते लिखाण गुपचूप त्या-त्या लॉगिनच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात जातं, आणि तो एका लपवलेल्या फोल्डरच्या आत असतो. झालं! सचिवांच्या लॉगिनची एक खतावणी, क्लार्कच्या लॉगिनची दुसरी, आणि दोघांना वाटतं आपण एकाच फाइलवर काम करतोय. यातला सगळ्यात वाईट भाग बॅकअपचा. पेन ड्राइव्हवर दर शनिवारी इमानेइतबारे कॉपी होते ती 'प्रोग्रॅम फाइल्स'मधली मूळ फाइल, जिच्यात इन्स्टॉल केल्या दिवसापासून एक अक्षर वाढलेलं नसतं. हार्ड डिस्क गेली की मग कळतं.

तिसरा आजार खास आपला, मराठीचा. 'कऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला तो अर्धा र युनिकोडमधे दोन प्रकारे टाइप होतो. एक, 'ऱ' हे वेगळं अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरा, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, छापल्यावरही सारखे. कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. कोणता उमटणार हे तुमच्या कीबोर्डवर आणि टायपिंगच्या साधनावर अवलंबून. आता कऱ्हाडच्या खातेदारांची यादी काढली की निम्मी नावं गायब. त्यात काही ठिकाणी 'कराड' लिहिलेलं, आणि खुद्द कडेगावचं काही कागदांवर 'कडेगांव'. लोक म्हणणार, "बाईंनी नावं भरलीच नाहीत." बाईंनी भरली आहेत हो! शोधणाऱ्या प्रोग्रॅमने आधी दोन्ही रूपं एकसारखी करून मग तुलना करायला हवी, ते काम केलेलं नाही.

चौथा, दूध संस्थेतला. वजनकाटा आणि फॅट काढायचं मशीन कॉम्प्युटरला जोडतात ते सिरियल पोर्टने. जुन्या कॉम्प्युटरला तो पोर्ट असायचा आणि त्याचं नाव पक्कं असायचं, कॉम १. नव्या मशीनला तो नसतो, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर लावतात. अशा बऱ्याच कन्व्हर्टरची वायर एका खाचेतून काढून शेजारच्या खाचेत घातली की विंडोज त्याला नवा नंबर देतं. काल कॉम ३ होता, आज कॉम ५. प्रोग्रॅम बिचारा कॉम ३ वर वाट बघत बसतो. पहाटे सहाला बाहेर किटल्या घेऊन रांग, आत 'फॅट येईना'. आता साफसफाई करताना वायर निघणारच की! एका संस्थेत मी यावर फार सुंदर उपाय पाहिला. तिथल्या बाईंनी बरोबर खाचेच्या वर एक लाल टिकली चिकटवली होती. जे काम प्रोग्रॅमने पोर्टची यादी दाखवून करायला हवं होतं, ते एका टिकलीने केलं. :)

आणि पाचवा म्हणजे आपण लिहिलेले एररचे मेसेज. 'रनटाइम एरर १३, टाइप मिसमॅच.' प्रोग्रॅमरला याचा अर्थ कळतो, की आकड्याच्या जागी अक्षर आलं किंवा तारीख असायला हवी तिथे दुसरंच काही आलं. पण समोर बसलेल्या माणसाला 'टाइप' म्हणजे टायपिंग. तो म्हणतो, "मी टाइप तर नीट केलंय." म्हणजे दोष प्रोग्रॅमचा, आणि मेसेजच ऑपरेटरला सांगतो की तुझं टायपिंग चुकलं! शिवाय हा मेसेज आला की ओके दाबल्यावर प्रोग्रॅमच बंद होतो, त्यामुळे फोनवर सांगायला काही उरत नाही. "काहीतरी इंग्लिशमधे आलं आणि गेलं." मग आपण हसतो की यांना साधा मेसेज वाचता येत नाही.

हा सगळा खेळ गावापुरता वाटत असेल तर ब्रिटनच्या पोस्टाचं उदाहरण बघा. तिथे १९९९ पासून पोस्टाच्या काउंटरवर 'होरायझन' नावाची हिशोबाची प्रणाली बसवली. हिशोबात तूट दिसायला लागली. पोस्ट खात्याचं म्हणणं, प्रणाली भक्कम आहे, पैसे तुम्हीच खाल्लेत. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक माणसांवर गुन्हे सिद्ध झाले. काही तुरुंगात गेली, अनेकांनी नसलेली तूट स्वतःच्या खिशातून भरली. डिसेंबर २०१९ मधे उच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रणालीत दोष होते आणि त्यामुळे तूट दिसू शकत होती. मे २०२४ मधे संसदेला कायदा करून ते निकाल घाऊक रद्द करावे लागले. अनेक पोस्टमास्तरांचं म्हणणं होतं, की मदतीसाठी फोन केला तर 'असं फक्त तुमच्याकडेच होतंय' असं सांगितलं जायचं. हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? 'माझ्या मशीनवर तर चालतंय' याचंच ते इंग्रजी भावंडं.

आता दुसरी बाजू. ऑपरेटर चुका करतच नाहीत असं मी म्हणत नाही. करतात. एक शून्य जादा पडतं, एकाच नावाच्या दोन खातेदारांत गल्लत होते, पाटलांच्या गावात तर हमखास. आणि मुद्दाम गैरव्यवहार करणारेही असतात. पण माणसाच्या चुकीचा आणि यंत्राच्या चुकीचा वास वेगळा येतो. माणूस दमल्यावर चुकतो, गर्दीत चुकतो, कधी इथे कधी तिथे चुकतो. यंत्र एकाच ठिकाणी, एकाच रीतीने, न थकता चुकतं. चुकांमधे नियम सापडला, उदाहरणार्थ बारा तारखेपर्यंत चूक आणि तेरापासून बरोबर, की आधी प्रोग्रॅमकडे बघा. हा काही सिद्धांत नाही, पण सुरुवात करायला चांगली जागा आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. लहान संस्था सॉफ्टवेअरला देऊन देऊन किती देणार? त्यात कोण येऊन बसून बघणार? मान्य. पण वर सांगितलेल्या दोषांपैकी एकही दुरुस्त करायला मोठा खर्च नाही. तारीख चिकटवण्याऐवजी पॅरामीटरने पाठवली की तो प्रश्न कायमचा मिटतो. निदान वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तरी लिहा. डेटाची फाइल 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या बाहेर ठेवणं म्हणजे फार तर एक दुपार. मेसेज मराठीत लिहिणं, आणि प्रत्येक एरर वेळेसकट एका साध्या टेक्स्ट फाइलमधे नोंदवणं, हेही तेवढंच. खर्च आहे तो समोरच्याचं ऐकून घेण्याचा.

तिसरा आक्षेप, आता हे डेस्कटॉपचं रडगाणं कशाला, सगळं ऑनलाइन होतंय. खरं आहे. केंद्र सरकारने २९ जून २०२२ ला ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे आपल्या विकास सोसायट्या, एका सामायिक प्रणालीवर आणायची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. चांगलंच आहे. पण नव्या भांड्यात ओतायचं दूध जुनंच आहे. उलट्या तारखा, दोन प्रकारचं कऱ्हाड, अर्धी खतावणी या लॉगिनमधे आणि अर्धी त्या, हे सगळं तसंच्या तसं नव्या प्रणालीत गेलं तर ते तिथे सरकारी सत्य होऊन बसेल. आज निदान जुनी रोजकीर्द कपाटात आहे आणि ती लिहिणारा माणूस गावात आहे. उद्या दोन्ही नसतील.

म्हणून जुना डेटा हलवण्याआधी दोन-तीन गोष्टी कराच. तारखेवार नोंदी मोजा. एखाद्याच तारखेला दर महिन्याला गर्दी दिसली, तर ती तारीख संशयित. गावांच्या नावांची यादी काढा. एकच नाव दोनदा दिसलं आणि दिसायला सारखंच असलं, तर तिथे न दिसणारं चिन्ह शोधा. कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक लॉगिनच्या फोल्डरात डेटाची आणखी एखादी प्रत आहे का बघा. आणि काहीही दुरुस्त करायला हात लावण्याआधी आहे त्या डेटाची एक कॉपी बाजूला काढून तिला कुलूप लावा. कारण दोष कोणाचा, हा प्रश्न पुढे कोणी विचारला तर उत्तर त्या न हलवलेल्या कॉपीतच असणार आहे.

बाकी दोष शोधायच्या पद्धतींवर जाडजूड पुस्तकं आहेत. मी माझ्यापुरता क्रम ठरवलाय. फोनवर ऐकून निदान करायचं नाही. मेसेजचा मोबाइलने फोटो काढून मागवायचा. कधी होतं याच्याइतकंच कधी होत नाही हे विचारायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि या सगळ्याच्या आधी, त्या खुर्चीवर जो रोज आठ तास बसतो त्याला विचारायचं, की तुला काय वाटतं? तो कोड बघत नाही, पण रोज दिसणारं वागणं त्याच्याइतकं कोणी बघितलेलं नसतं.

संस्थांनाही एक सांगणं आहे. टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवा. काय बिघडलं, किती वाजता, स्क्रीनवर काय आलं, कोणाला फोन केला, तो काय म्हणाला. तारीख घालून, सही करून. सॉफ्टवेअरवाल्याला ती वही कामाला येईलच. पण चौकशीची वेळ आली तर नोंदी करणाऱ्या त्या पोरीला ती त्याहून जास्त कामाला येईल. "सहा महिने झालं सांगतेय" हे तोंडी असलं की कोणी ऐकत नाही. तेच वहीत असलं की खोडता येत नाही.